राणीचा गाल

"टांकसाळीतच चुकलंय हे, मॅडम. बघा, एका बाजूची कडाच गायब आहे. अशा चुकलेल्या नाण्याला जास्त भाव मिळतो," भाऊ ठामपणे म्हणाला. बहिणीने मान डोलावली. आई गेल्यावर तिच्या फडताळात सापडलेला ढब्बू पैसा विकायचा, हे दोघांचं ठरलेलं होतं.

मी भिंग लावलं. "छाप पडण्याआधीच कडा कापली गेली असेल, तर तिच्या समोरची कडाही पुसट उठते. इथे ती ठसठशीत आहे. म्हणजे हा पैसा नंतर झिजलाय."

"कशाने?"

इतकी नाणी हाताखालून गेलीत, की मला अंदाज बांधावा लागत नाही. "भांडं खरवडून. ही कडा भांड्यावर घासली जायची. आणि राणीचा गाल गुळगुळीत झालाय ना, तिथे अंगठा टेकायचा. संग्राहक याला हात लावणार नाहीत."

बहिणीने पैसा उचलला. तिचा अंगठा आपोआप त्या गालावर गेला.

"दुधाच्या पातेल्याची खरवड," ती म्हणाली. "आई आधी तुला द्यायची."

"तुलाच द्यायची." भावाने हात पुढे केला. "आण इकडे. माझ्याकडे राहू दे."

तिने मूठ मिटली.