डिसेंबरची फुलं

उपासनेला अजून अर्धा तास होता आणि शिमोन एकटाच वेदीवरच्या फुलदाणीत निशिगंध लावत होता. सलोमीबाई चर्चच्या दारातच थबकल्या. वाढदिवसाच्या आठवड्यात वेदीला फुलं द्यायची, ही मंडळीची जुनी रीत. पाळ्यांची यादी सलोमीबाईंकडेच असे. शिमोनची पाळी डिसेंबरात होती आणि आत्ता तर ऑगस्ट चालला होता.

"एवढ्यात कशाला आणलीस रे?"

"डिसेंबरात जमायचं नाही, बाई," तो हसून म्हणाला. "माझी पाळी चुकायला नको."

सलोमीबाई झपझप वेदीपाशी आल्या. त्यांच्या धाकट्या भावानेही असंच हसत वाढदिवसाचा केक महिनाभर आधी कापला होता, आणि त्यांनी हौस म्हणून टाळ्या वाजवल्या होत्या. चौथ्या दिवशी त्याला मूठमाती द्यावी लागली.

त्यांनी शिमोनचं मनगट धरलं. "जीव द्यायचं मनात आहे का, बाळा?"

त्याचं हसू विरलं. तो म्हणाला, "मंगळवारी."

सलोमीबाईंनी मनगट सोडलं नाही. फुलांची यादी त्यांनी वेदीवरच उलटी ठेवली आणि कोऱ्या बाजूला त्याच्या सोबतीला राहायच्या पाळ्या लिहायला घेतल्या. आज त्या स्वतः. उद्या चर्चच्या पाळकांनी डॉक्टरांकडे न्यायचं. मंगळवारपुढे त्यांनी अख्ख्या मंडळीची नावं लिहिली.