संध्याकाळचं पाणी

मीटरने मातीचा सामू, म्हणजे पीएच, पुन्हा सात पूर्णांक आठ दाखवला. परवाना काढून वाढवलेल्या भांगेच्या रोपांची ही तिसरी खेप, आणि तीही पिवळी पडत होती. "ही मेली तर प्रकल्प बंद," असं सरांनी बजावलं होतं. तीन महिने मी रोज सकाळी पाण्यात मोजून ॲसिड घालत होते, तरी सामू उतरत नव्हता. कुंड्या कायम ओल्या. हरितगृह दमट आहे, असं वहीत लिहून मी मोकळी झाले होते.

मी टेबलावर डोकं टेकलं, तसे माळी गेनूमामा जवळ आले.

"ताई, रागावू नका. तुम्ही गेल्यावर मी यांना बोअरचं पाणी देतो. तुमचं ॲसिड धुऊन निघावं म्हणून."

"रोज?"

"सुट्टीलासुद्धा येतो. एवढ्याशा रोपांना कुणी ॲसिड पाजतं का?"

बोअरचं पाणी चुनखडीचं, सामू चढवणारं. ओरडायलाही माझ्यात त्राण उरलं नव्हतं.

"मामा, लिंबाचं सरबत पिता ना? माझं पाणी त्याहून कितीतरी कमी आंबट असतं."

ते कुंड्यांकडे वळले. "म्हणजे मीच मारली की ही."

मी एक कुंडी उलटी करून मुळं पाहिली. काही कुजली होती, बरीचशी पांढरी होती.

"अजून नाही मेली. पण आता चार दिवस पाणी बंद."

"मग संध्याकाळी येऊन मी करू काय?"

"मातीत बोट घालून बघा, किती वाळली ते. आणि सकाळी मला सांगा. तीन महिन्यांत मी तुम्हाला एकदाही काही विचारलं नाही."