ओमकारचा टोस्ट

दीड वाजला तरी कावळा पानाला शिवला नाही.

सर्वपित्री अमावास्या. पुढच्या अंगणात कुंपणाच्या दगडी गडग्यावर वाढलेलं पान तसंच वाळत होतं. वडे, काळ्या वाटाण्यांची आमटी, भोपळ्याची भाजी, खीर. प्रमोद उन्हात हात जोडून उभा होता. पोटच्या पोराचं पान वाढायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये. तीन वर्षांपूर्वी ओमकार मासेमारीच्या बोटीवर गेला आणि वादळात बोट गेली. ना बोट सापडली, ना माणसं. पोराला असं किती दिवस अधांतरी ठेवायचं, म्हणून यंदा भावकीने मनावर घेतलं.

ओमकारच्या आईने, दर्शनाने, नको म्हटलं नाही. पहाटे उठून सगळा स्वयंपाक एकटीने केला, कुणाला शेगडीपाशी फिरकू दिलं नाही.

“काहीतरी इच्छा राहिलीय त्याची,” सुंदराआत्या ओटीवरून म्हणाली. “कबूल कर रे काहीतरी.”

प्रमोदने सगळं कबूल केलं. तुझी बाईक विकणार नाही. तुझ्या आईला अंतर देणार नाही. मागच्या बागेतून कावकाव ऐकू येत होती, पण पुढे एक फिरकेल तर शपथ.

“एरवी मेले डोक्यावर बसतात,” आत्या करवादली. “आजच कुठे उलथलेत?”

मग प्रमोदला आठवलं. सण कुठलाही असो, दुसऱ्या दिवशी पोरगं उरलेलं सगळं ब्रेडमध्ये कोंबून गॅसवर भाजायचं. वड्याचा चुरा, आटलेली आमटी, वर कांदा. “बाबा, खरा सण आज!” म्हणायचं आणि त्रिकोणी कापून अर्धा बापाला द्यायचं.

तो आत धावला. टोस्टचा साचा माळ्यावर असेल म्हणून स्टूल ओढलं, तर तो मोरीतच पडलेला, ओला.

“सकाळी घासला,” दर्शना म्हणाली. “गंज चढला होता.”

म्हणजे हिलाही तेच आठवलं तर!

“ब्रेड?”

“दोनच स्लाइस आहेत.”

“काल दोन पुडे आणले ना मी?”

“पाहुण्यांच्या चहाला गेले.”

टोपलीत वडेही थोडेच होते. हिला आज अंदाज तरी कुठून राहणार, असं मनाशी म्हणत त्याने एक वडा चुरला.

“अरे, उरलंसुरलं पितरांना वाढतात काय?” आत्या दारातून ओरडली.

“आज सगळंच उरलंय, आत्या. कुणाच्या घशाखाली घास उतरलाय?”

घाईत एक बाजू करपली. त्याने टोस्ट त्रिकोणी कापला आणि गडग्यावर नेऊन ठेवला. “ये रे बाबा. खा, आणि सूट एकदाचा.”

दर्शना दारात उभी राहून बघत होती. मग आत गेली.

तीन वाजले. टोस्टला मुंग्या लागल्या. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला, पानाला शिववला आणि झालं म्हणून सांगितलं. कसलं झालं! माणसं जेवायला बसली. प्रमोद पानावर बसला तसाच उठला. आपल्या हातचंही पोर घेत नाही, असा काय गुन्हा केला आपण? हुंदका आवरेना. चारचौघांत नको म्हणून तो मागल्या दाराने विहिरीकडे गेला.

विहिरीपाशी केळीची पानं अंथरली होती. पानांवर टोस्टचे तुकडे पडले होते, त्रिकोणी कापलेले, सकाळपासूनचे. भोवती वीसेक कावळे बसले होते, पोटं इतकी तट्ट की जवळ गेलं तरी उडत नव्हते. त्यांच्यात दर्शना बसली होती, शेवटचा टोस्ट कुस्करत.

“खा रे बाबांनो, अजून खा,” ती म्हणत होती. “पण पुढच्या अंगणात जाऊ नका हां कुणी. माझा ओमकार यायचाय अजून.”