ग्राहक समोर बसला आहे

चाचणी सुरू होऊन बराच वेळ झाला, तरी ग्राहकाला कुणी हिंग लावून विचारलं नव्हतं.

ग्राहक म्हणजे सरच. टेबलाशेजारी खुर्ची टाकून, गळ्यात 'ग्राहक' अशी पुठ्ठ्याची पाटी अडकवून ते बसले होते. फळ्यावर प्रश्न एकच होता. 'आमच्या वसतिगृहाच्या मेससाठी भांडी न्यायची ट्रॉली तयार करून हवी आहे. ग्राहक समोर बसला आहे.' वजन नाही, माप नाही, काही नाही. इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा अख्खा वर्ग माना खाली घालून कॅल्क्युलेटर बडवत होता. कुणी वजन दोनशे किलो धरलं होतं, कुणी पाचशे. शेवटच्या बाकावर तर इतकं धरलं होतं की ट्रॉलीसाठी रूळच टाकावे लागले असते.

दोष मुलांचा नव्हता. सरांना सगळं कॉलेज 'समजासर' म्हणायचं. त्यांचं प्रत्येक गणित 'समजा' या शब्दाने सुरू व्हायचं आणि मुलांनी ते इमानेइतबारे गिरवलं होतं. सरांनाही त्यात काही वावगं वाटत नसे. मग कॉलेजने त्यांना सुट्टीत एका कारखान्यात धाडलं. शिक्षकांनीही जरा खरं काम बघून यावं, असं वरून ठरलं होतं.

तिथे वाट्याला पहिलंच काम आलं ते हे, मेसच्या ट्रॉलीचं. सरांनी तीनशे किलो वजन धरलं. वर दगाफटका नको म्हणून मजबुती चौपट ठेवली. ट्रॉली अशी दणकट झाली की तिच्यावर हत्ती उभा राहिला असता. फक्त ती मेसच्या दारातून आत जाईना.

"सर, दार केवढं आहे ते विचारलं होतंत?" कारखान्याच्या मॅनेजरबाईंनी विचारलं.

"प्रश्नात दिलं नव्हतं," सर म्हणाले.

त्या वाक्यावर कारखाना कितीतरी दिवस हसत होता. सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी मुकाट्याने दुसरी ट्रॉली केली, या वेळी दार मोजून. ती झोकात आत गेली. भांडी भरून बाहेर पडली, तसे सर कौतुकाने तिच्या मागोमाग निघाले. ती कुठून कुठे जाते ते त्यांनी पाहिलं आणि कपाळाला हात लावून मटकन खालीच बसले.

तेच त्यांना आज वर्गाला शिकवायचं होतं, पण सांगून नव्हे. मुलांनी आपणहून तोंड उघडायला हवं होतं. इकडे विभागप्रमुख मॅडमनी आधीच बजावून ठेवलं होतं, "तुमचं हे कारखान्याचं खूळ एकदा चालवून घेते. चाचणीत गोंधळ झाला, तर पुढे कुणी शिक्षक कारखान्यात जाणार नाही. आणि तुम्ही आपला जुनाच पेपर काढायचा." तो जुना पेपर आता सरांना डोळ्यांसमोर नको होता. इतकी वर्षं आपण पोरांना नुसतं धरायला शिकवलं, विचारायला शिकवलंच नाही, हे त्यांना फार लागलं होतं.

तेवढ्यात पहिल्या बाकावरची, दर वर्षी पहिली येणारी मुलगी उठली. सरांचा चेहरा उजळला.

"सर, दोन मिनिटं बाहेर जाऊ?"

"जा," सर म्हणाले. चेहरा पुन्हा पडला.

ती गेली ती थेट मॅडमच्या खोलीत. पाठोपाठ मॅडम वर्गात हजर.

"अहो सर, हा काय पोरखेळ मांडलाय? किती भांडी, किती वजन, कशाचा पत्ता नाही. मुलांनी सोडवायचं काय, कपाळ? हा पेपर रद्द!"

"ग्राहकाला विचारा ना, मॅडम," सर काकुळतीला येऊन म्हणाले.

मॅडमचा पारा आणखी चढला. "बरं, ग्राहकराव! वजन किती?"

"चाळीस किलो."

वर्गात चुळबूळ झाली. पाचशेवाल्यांनी खोडरबर शोधायला घेतलं.

"न्यायचं कुठे?"

"स्वयंपाकघरातून जेवणाच्या खोलीत."

"लांब आहे?"

"मागच्या दाराने बाहेर पडायचं, सगळ्या इमारतीला वळसा घालायचा, पुढच्या दाराने आत यायचं."

"एवढी यातायात कशाला? मध्ये आहे काय?"

"भिंत."

"कसली भिंत?"

"साधीच, आडोशाची. पलीकडे लगेच जेवणाची खोली."

आपण पेपर रद्द करायला आलो आहोत हे मॅडम साफ विसरल्या. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "अहो, मग त्या भिंतीला खिडकी पाडा आणि द्या भांडी सरकवून पलीकडे! ट्रॉली हवीय कुणाला?"

सर ताडकन उभे राहिले. त्यांना इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणीच आलं.

"मॅडम, पैकीच्या पैकी मार्क! इथवर यायला मला दोन ट्रॉल्या लागल्या."

मॅडम सरांकडे बघत राहिल्या, मग फळ्याकडे. पहिल्या बाकावरच्या मुलीने जरा आशेने विचारलं, "मॅडम, म्हणजे पेपर रद्द ना?"

"रद्द?" मॅडम तिच्यावर कडाडल्या. "अगं, जन्मात पहिल्यांदा माझा पहिला नंबर आलाय!"