पाळणाघरातली सभा

"चपला बाहेर, आणि आवाजही बाहेरच ठेवा," पाळणाघरवाल्या मावशींनी दारातच बजावलं.

सोसायटीची कमिटी निमूट आत आली. मागोमाग आमदारबाई. सोसायट्यांच्या नियमांचा नवा कायदा व्हायचा होता, आणि लोकांचं ऐकल्याशिवाय मसुद्याला हात लावायचा नाही, असा बाईंचा हट्ट. त्यातही तक्रार जिथली, सभा तिथेच.

तक्रार अशी, की मावशी राहत्या फ्लॅटमध्ये धंदा चालवतात आणि वर गोंगाट. तो बाईंना प्रत्यक्षच ऐकवावा म्हणून चेअरमननी मुद्दाम दुपारची वेळ ठरवली होती. जन्मभर एकट्या राहिलेल्या त्या गृहस्थांना दुपारी लहान मुलं झोपतात हे कोण सांगणार?

सतरंजीभर मुलं झोपली होती. पाहुणे अंग चोरून भिंतीला टेकले.

"कुठेय गोंगाट?" बाईंनी हळूच विचारलं.

"आजच नाही! एरवी रोज..." चेअरमन तावातावाने बोलायला लागले, आणि सगळ्यांत धाकट्या बाळानं दचकून भोकाड पसरलं.

मावशींनी बाळ उचललं ते थेट चेअरमनच्या हातात ठेवलं.

"तुम्ही उठवलंत, तुम्हीच झोपवा. मी बाकीच्यांना थोपटते, नाहीतर सगळी उठतील."

चेअरमनचा चेहरा बघण्यासारखा झाला. काचेचं भांडं धरावं तसं त्यांनी बाळ धरलं. बाळानं त्यांची कॉलर मुठीत घट्ट पकडली, थोडं मुसमुसलं आणि खांद्यावर मान टाकली. चेअरमन आपोआप डुलायला लागले.

बाई कुजबुजल्या, "कायदा व्हायचा तेव्हा होईल. आजचा निर्णय कमिटीचाच. पाळणाघर राहू द्या म्हणणारे?"

दोन हात वर झाले.

"बंद करा म्हणणारे?"

सेक्रेटरी आणि खजिनदारांनी हात वर केले. म्हणजे दोन-दोन. आता सगळं चेअरमनवर आलं. त्यांचा हात वर गेला, की पाळणाघराला कुलूप. मावशींचं घर त्यावर चालत होतं, आणि या मुलांच्या आया त्यांच्याच भरवशावर कामाला जात होत्या.

चेअरमनचे दोन्ही हात बाळाखाली अडकलेले. सेक्रेटरी डोळ्यांनी खुणा करून थकले.

मावशींनी थोपटणं थांबवलं. त्या उठल्या. अडकलेल्या हातांचा फायदा घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. चेअरमनसमोर जाऊन त्यांनी हात पुढे केले.

"द्या इकडे त्याला. तुमचा हात मोकळा करा."

चेअरमननी खांदा दुसरीकडे वळवला.

"राहू द्या हो," ते कसंबसं ऐकू जाईल इतकंच बोलले. "आत्ता कुठे डोळा लागलाय."

मावशींच्या जिवात जीव आला, पण मोठ्यानं हुश्श म्हणायचीही सोय नव्हती.