पालथी गाडगी

पाचव्या दिवशी उत्तमराव गाडगी बघायला निघाला आणि पहिलंच गाडगं त्याला कुंपणाच्या खुंटावर पालथं दिसलं. दुसऱ्या घरचं गोठ्यामागे पडलं होतं. तिसऱ्या घरच्यावर कोंबडी बसली होती.

रिठदातल्या चाळीस घरी त्यानं ही कोरी गाडगी वाटली होती. दळायला बसण्याआधी बाईनं रोज मूठभर ज्वारी त्यात टाकायची आणि ती गावातल्या गरीब बाळंतिणीला जायची, म्हणजे सव्वा महिना तरी तिला मजुरीला जावं लागू नये. हे स्वप्न त्याच्या वडिलांचं, उकंडरावांचं. मानमोडीच्या तापाच्या साथीत ते गेले आणि कामही त्यांच्याबरोबर गेलं. अकोल्याहून मॅट्रिक होऊन आलेल्या मुलानं ते पुन्हा मांडलं, तेही सात नियमांचा कागद छापून. नियम वाचून दाखवले तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. माना डोलवायला काय लागतं?

"काऊन घेतलं नाही घरात?" त्यानं तीन-चार घरी विचारलं.

"ठेवलं हाये ना जी," बाया म्हणाल्या आणि आत वळल्या. खरं कारण कोणी सांगेना.

त्याचा जीव टांगणीला लागला. रामीबाईचे दिवस भरत आले होते. नवरा नव्हता, घरात दाणा नव्हता, आणि ती अजून सोजरबाई माळिणीच्या मिरचीच्या वाफ्यात निंदत होती. 'बाळंत झाल्यावर घराबाहेर पाऊल टाकू नको, ज्वारी मी पोचवतो,' असा शब्द तो तिला देऊन बसला होता. शब्द देताना छाती फुगली होती.

घरी आई, प्रयागबाई, अंबाडीची भाजी निवडत होती. सगळं ऐकून तिनं विचारलं, "गाडगी देल्ली कशी तू? रिकामी?"

"भरायलेच त देल्ली, माय."

प्रयागबाईनं कपाळाला हात लावला. "अरे, आपण कोणाचं भांडं तरी रिकामं वापस करतो का? आन तू कोरं गाडगं रिकामं नेऊन लोकायच्या दारात ठेवलं, तेबी श्रावणात! तुह्या बापानं पहिली मूठ आपल्या घरची टाकून देल्लं होतं. तू धरम नाही वाटला बापू, अपशकुन वाटला."

कणगीचा तळ दिसायला लागला होता. तरी तिनं ज्वारी काढली आणि त्याच्या उपरण्यात बांधली.

"चाळीस मुठी हायेत. बेतानं टाकजो."

बेत कुठला राहतोय! पहिली घरं मोठ्या शेतकऱ्यांची. तिथं लहान मूठ टाकायची त्याला लाज वाटली. दाणे पडले की बाई गाडगं दोन्ही हातांनी उचलून आत नेई. एकीनं तर ते कपाळाला लावलं. उत्तमराव हरखला आणि त्याची मूठ आणखी मोठी झाली. एकोणचाळीस घरं झाली, उपरणं झटकलं, तर नुसती फोलपटं उडाली.

चाळिसावं घर गावाबाहेर विहिरीजवळ, सोजरबाई माळिणीचं. वाफ्यात रामीबाई पोट सावरत पुढं सरकत होती. तिला पाहून त्याला आल्या पावली परतावंसं वाटलं. पण सोजरबाईनं त्याला पाहिलं होतं.

"गावभर मूठ टाकत फिरून राह्यला म्हणे तू," ती म्हणाली. "आमच्यापाशी येऊनच सरली?"

"सरली, सोजरमाय." तो खाली बघत म्हणाला. "मोठ्याइच्या घरी हात ढिला सुटला."

ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आलीच नाही. हे एक गाडगं पालथं राहिलं तर उद्या बाकीचीही एकेक करून बाहेर येतील, एवढं उत्तमरावाला आता कळत होतं. ते कुठल्याच नियमात नव्हतं.

ती बाहेर आली ती मूठ आवळूनच. दुसऱ्या हातानं तिनं कुंपणापाशी पालथं पडलेलं गाडगं उचलून सरळ केलं.

"हात कर."

त्याच्या तळहातावर तिनं ज्वारी ओतली.

"आता टाक. तुह्या घरची समजून."

त्यानं मूठ गाडग्यात सोडली. दोन दाणे खाली सांडले, बाकीचे गाडग्यात वाजले. सोजरबाईनं ते दोन वेचून आत टाकले, गाडगं नेऊन जात्याशेजारी ठेवलं आणि पदर खोचत ती वाफ्याकडे वळली.

"रामे, ऊठ," ती म्हणाली. "ते खुरपं इकडं दे."