तीन फायलींचा तपास

"तीन फायली गेल्या कुठे, इंजिनिअरबाई?" संचालक बहगत बे यांनी तिसऱ्यांदा विचारलं. यादीत फायलींची नावं होती, सर्व्हरवर फायली नव्हत्या. आणि सर्व्हरचा पासवर्ड एकट्या रावियाकडे होता. चोर आयताच सापडला होता.

कैरोपासून दूर, कालव्याकाठच्या त्या गावात पाण्याच्या पंपांवर नजर ठेवणारं नवं सॉफ्टवेअर आलं होतं. त्याच्यासोबतच्या तीन स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांच्या छोट्या फायली, चालवल्याशिवाय ते काडीचं काम करत नव्हतं. रावियाने ते चारदा काढून चारदा बसवलं. स्क्रिप्ट काही येईनात. मग रिवाजाप्रमाणे सात जणांची समिती बसली. सर्व्हर कशाशी खातात हे एकालाही ठाऊक नव्हतं. पण सरकारी वस्तू जागेवर नाही म्हणजे ती चोरीलाच गेली, यावर सातांचं एकमत झालं. चोराचं नाव गुरुवारपर्यंत ठरायचं होतं.

बुधवारी सकाळी ती हट्टाला पेटली. सर्व्हरच्या सेटिंगच्या फायलीतली ओळ न् ओळ तिने वाचून काढली आणि एका ओळीवर थबकली. जागा वाचवण्यासाठी कुठल्याही सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिका बसवू नयेत, असा हुकूम तिथे कुणीतरी पूर्वीच लिहून ठेवला होता. आणि सॉफ्टवेअरवाल्या शहाण्यांनी स्क्रिप्ट ठेवल्या होत्या नेमक्या पुस्तिकांच्याच फोल्डरमध्ये! तिने ती ओळ काढली, सॉफ्टवेअर पुन्हा बसवलं. तिन्ही फायली हजर. तिचा जीव भांड्यात पडला.

ती धावतच वर गेली. बहगत बे भाकरीत 'फूल', म्हणजे शिजवलेल्या घेवड्याची उसळ, गुंडाळून नाश्ता करत होते.

"सापडल्या, बहगत बे! चोरी झालीच नव्हती!"

"हळू बोल, पोरी." त्यांनी उठून दार लावलं. "अहवालावर सात सह्या झाल्या. वर सरकारचा गरुडाचा शिक्का बसला. काल कैरोला गेलासुद्धा. चोरी झाली आहे."

"अहो, पण फायली आहेत ना खाली!"

"म्हणजे सात माणसं खोटी? गरुड खोटा?"

रावियाचे डोळे भरून आले. बहगत बे यांना तिची खरोखरच दया आली. त्यांनी आपला चहाचा पेला तिच्यापुढे सरकवला.

"रडू नकोस. नाव उद्या कळवायचंय ना? चोराच्या रकान्यात मी 'अज्ञात' लिहितो. तू खाली जा आणि तेवढ्या तीन फायली चोर."